हौसाक्काचा कान

हौसाक्का वडणगेकर पन्नास वर्षं आपल्या फाउंड्रीत एकाच स्टुलावर बसली, आणि त्या स्टुलावरून तिनं कोल्हापुरातल्या निम्म्या कारखानदारांची अब्रू काढली. शाळा दुसरीपर्यंत. सही शिकली तीही नवरा गेल्यावर, कारण अंगठा उठवताना बँकेतला कारकून हसला होता. पण तिचा कान असा, की पुण्याचे इंजिनिअर गाडी करून यायचे.

काम दिसायला सोपं. ढाळलेला, म्हणजे साच्यात ओतलेला, नग साखळीला टांगायचा, पितळी हातोडीनं एक टिचकी मारायची आणि ऐकायचं. आवाज लांबत लांबत विरला तर ती म्हणायची, "गोड." मध्येच मेला तर म्हणायची, "बद्द." बद्द नग परत भट्टीत. एखादा साहेब एक्स-रे घेऊन वाद घालायला आला, तर ती नग कापायला लावायची. आत भेग निघायची. मग साहेबाला चहा, आणि चहाबरोबर चार शब्द. "नुसता फोटो बघून पोरगी पसंत करायचे दिवस गेले की हो साहेब. जरा बोलतं करून बघावं."

फाउंड्री मुलाच्या, रणजितच्या, नावावर होती, चालवायची ती. रणजितची मुलगी आर्वी त्या स्टुलाच्या पायाशी वाळूत खेळून मोठी झाली आणि विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेली. तिथं तिनं आणि तिच्या सोबत्यांनी एक खूळ डोक्यात घेतलं. रॉकेटचं इंजिन करायचं, आणि ते ढाळून करायचं.

आर्वीनं ते आजीला स्वयंपाकघरात समजावून सांगितलं. "इंजिनाच्या आत तीन हजार अंशांचा जाळ असतो, आजी. कुठलाही धातू त्यात लोण्यासारखा वितळतो."

"मग भांडं राहतं कसं?"

"दुधाचं पातेलं कसं राहतं? आत दूध आहे तोवर पातेलं जळत नाही. तसंच. इंजिनाच्या भिंतीत आम्ही उदबत्तीच्या काडीएवढ्या वाटा ठेवतो. इंधन जळायला जायच्या आधी त्या वाटांतून फिरतं, भिंत गार करतं आणि मग आत जाऊन पेटतं."

"आणि भिंतीत भेग असली तर?"

"तर इंधन नको तिथं गळतं, तिथंच पेटतं, आणि इंजिन फुटतं."

बाहेरदेशी असली इंजिनं यंत्रावर थरावर थर चढवून छापत. एक छापायला आठवडे लागत. आर्वीच्या मंडळींचं म्हणणं, तांब्याचा रस साच्यात ओतला की तासाभरात इंजिन तयार. अडचण एकच होती, ती म्हणजे गार सांधा. रस साच्यात दोन बाजूंनी धावत येतो आणि मध्ये भेटतो. तो जरा गार असला तर भेटतो, पण एकजीव होत नाही. एक्स-रेत पोकळी दिसते, बुडबुडा दिसतो. अंगाला अंग चिकटवून बसलेला गार सांधा दिसत नाही. आवाजात मात्र तो लपत नाही, कारण टिचकीची थरथर त्या सांध्यापाशी अडखळते.

"तुझा कान मी पेटीत भरून ठेवणार," आर्वी म्हणाली.

"भर की. जीभ नको भरू, पेटी फुटंल."

आठ महिने आर्वी रोज सकाळी माईक घेऊन आजीच्या स्टुलाशेजारी बसली. आजी टिचकी मारायची, गोड किंवा बद्द म्हणायची, आणि माईकला जोडलेली संगणकाची पेटी दोन्ही ऐकायची, धातूचा आवाज आणि आजीचा शब्द. अकरा हजार नग झाले. पेटीला कुणी नियम शिकवला नाही. कुठल्या आवाजापुढं कुठला शब्द येतो, एवढंच तिनं पुन्हा पुन्हा ऐकलं आणि स्वतःचा कान तयार केला. शेवटी परीक्षा घेतली. दोनशे नगांत पेटी आणि आजी यांचं मत एकदाही वेगळं पडलं नाही.

पेटीचं नाव ठेवलं 'हौसा'. आजीला ते आवडलं, आणि आवडलेलं तिनं लपवलंही नाही. हेरवाडकर सरांनी, म्हणजे आर्वीच्या प्राध्यापकांनी, कंपनी काढली. वर्षभरात दीडशे फाउंड्र्यांत हौसा बसली. वडणगेकरांच्यातही बसली.

"आई, आता तू घरी आराम कर," रणजित म्हणाला.

"आराम मेल्यावर करतो मी."

पण स्टूल उचललं गेलं होतं. त्या जागेवर पेटी ठेवली होती. हौसाक्का एकदा डबा द्यायच्या निमित्तानं गेली, तर नवीन सुपरवायझर लांबून ओरडत होता, "हौसा काय म्हणती रे?" ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात पेटीतून बाईचा गुळगुळीत आवाज आला, "गोड."

साचे करणारा मोल्डर दस्तगीर मुल्ला हातातलं काम टाकून तिच्याजवळ आला. तीस वर्षं तो तिच्या शब्दावर रस ओतत आला होता. "आक्का, हे भूत घेऊन जावा की घरी. एक दिवस घणानं फोडणार बघा मी हिला."

हे तो सगळ्यांदेखत बोलला. पुढं तेच त्याच्या अंगाशी आलं.

वडणगेकरांच्याच भट्टीत ओतलेल्या इंजिनाची चाचणी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत ठेवली होती, सकाळी नऊला. इंजिन लोखंडी चौकटीला आडवं जखडलेलं. शंभर पावलांवर वाळूच्या पोत्यांची भिंत, भिंतीमागं पोरं, पडदे आणि वायरी. हौसाक्काला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. आर्वी पांढरी टोपी घालून इकडून तिकडं पळत होती. निहाल पाटोळे हा तिचा वर्गमित्र, कॅमेऱ्याचं काम त्याच्याकडं.

"आजी, कानांवर हे घाला," तो कानटोप्यासारखं काहीतरी घेऊन आला.

"तुझ्या म्हातारीला घाल. मी ऐकायला आलोय."

पोरं हसली. मग आकडे उलटे मोजले, आणि इंजिन पेटलं. जाळ निळा आणि सरळ, आखून काढल्यासारखा. वीस सेकंद चालायचं होतं. पोरं ओरडायला लागली. आर्वीनं निहालच्या पाठीत धपाटा घातला.

चौथ्या सेकंदाला हौसाक्काला त्या गर्जनेखाली दुसरा आवाज ऐकू आला. बद्द. फुटक्या मडक्यावर नख मारल्यासारखा. ती खुर्चीतून उठली. "बंद करा! ए आर्वे, बंद कर ते!"

कुणी ऐकलं नाही. सहाव्या सेकंदाला इंजिन फुटलं. निहाल कॅमेरा सावरायला भिंतीवरून डोकावला होता. बोटाएवढा तांब्याचा तुकडा त्याचा उजवा डोळा घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी तुकडे टेबलावर मांडले होते. हौसाक्कानं एक उचलला. धातू तुटला की आत खडीसाखरेसारखे कण दिसतात. या तुकड्यात अर्धी कड खडीसाखर आणि अर्धी कड गुळगुळीत होती, भांड्याच्या पाठीसारखी.

"गार सांधा," ती म्हणाली.

"अशक्य," हेरवाडकर सर म्हणाले. "आजी, या इंजिनाचे आठ नग ढाळले होते. हौसानं आठही तपासले. आपण बसवला त्याच्या गोडपणाला तिनं शंभरात नव्व्याण्णव गुण दिलेत. सगळ्यांत जास्त."

"मग तुमच्या हौसाचं चुकलं."

"हौसाचं चुकत नाही. दीडशे फाउंड्र्या साक्षीला आहेत. तपासल्यावर नग कुणीतरी बदललाय."

कुणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला फार वेळ लागला नाही. गोदामाची किल्ली दस्तगीरकडं होती. पेटी फोडायची भाषा त्यानंच केली होती. पोलीस त्याला दुपारी घरातून घेऊन गेले. त्याची बायको चूल तशीच टाकून पोलिसांच्या गाडीमागं पळत होती.

हौसाक्का दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून चौकीत गेली. दस्तगीर बाकावर बसला होता, अंगात तोच कामाचा शर्ट.

"बदललास व्हय रे नग?"

"आक्का, तुम्ही पण?"

"विचारायचं माझं काम हाय. सांग."

"बदलला न्हाई. झालं असं, की आठ नग ओतले. पहिला मी रिवाजाप्रमाणं डावीकडं बाकाखाली सारला. आर्वीताई आल्या आणि तोच उचलला. मी म्हटलं, ताई, तो घेऊ नका, पहिला हाय. त्या म्हणाल्या, चाचा, हौसा ठरवेल की. पेटीनं त्यालाच सगळ्यांत गोड म्हटलं. मी इथल्या फौजदार साहेबाला हे सांगितलं तर साहेब हसला."

हौसाक्कानं भाकरीचं फडकं हातात घट्ट धरलं.

कोल्हापूरच्या भट्टीवाल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगावं लागेल. भट्टीतला पहिला रस ओतताना लेडल, म्हणजे रस वाहून न्यायची ती मोठी पळी, पुरतं तापलेलं नसतं. म्हणून दिवसाचा पहिला नग बहुतेक वेळा वाया जातो, गार सांध्यानंच जातो. पण भट्टीच्या तोंडासमोर पहिल्या नगाला कुणी नावं ठेवत नाही. भट्टी रुसते म्हणतात. हौसाक्काच्या सासूनं तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. पहिला नग कसाही वाजो, तोंडानं म्हणायचं "गोड", आणि हातानं गुपचूप डावीकडं सारायचा. संध्याकाळी तो फोडून परत वितळवायचा. तोंड काही म्हणो, खरा निकाल डाव्या हाताचा. हे भट्टीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

पेटीला डावा हात दिसत नव्हता. तिला फक्त ऐकू येत होतं. आठ महिने रोज सकाळी तिनं गार सांध्याचा बद्द आवाज ऐकला, आणि त्यापुढं हौसाक्काचा ठसठशीत शब्द, "गोड." इतर नगांत गार सांधा क्वचितच, ते कधी गोड, कधी दुसऱ्याच कारणानं बद्द. पहिला मात्र एकही दिवस न चुकता गोड. पेटी शिकली, की जगात सगळ्यांत गोड आवाज असेल तर तो हाच. परीक्षेच्या दोनशे नगांतही आजीनं पहिल्याला गोड म्हटलं होतं, आणि पेटीनंही. दोघींचं एकमत झालं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दीडशे फाउंड्र्यांत तोच कान बसला होता. पंपात असा सांधा राहिला तर पाणी ठिबकतं, माणूस वॉशर बदलतो आणि विसरतो. या वेळी तो इंजिनात राहिला.

घरी आर्वी अंगणात कपडे वाळत घालत होती. धुतलेलेच कपडे ती परत पिळत होती.

"तुला ठाऊक होतं," हौसाक्का म्हणाली.

"काय?"

"पहिल्या नगाचं. सहा वर्षांची होतीस तवा माझ्याआधी तूच ओरडायचीस, गोड गोड म्हणून. आणि नग डावीकडं सारायला तुझेच हात पुढं. मग लिहून घेताना का न्हाई टिपलंस?"

आर्वीनं आणखी एक कपडा दोरीवर टाकला. मग दोरीकडं बघतच म्हणाली, "विसरले. आजी, शप्पथ, विसरले. अकरा हजार आवाज होते. तू गोड म्हणालीस, मी गोड लिहिलं."

"आणि दस्तगीर घेऊ नको म्हणाला तवा?"

"तेव्हा आठवलं. पण गुण नव्व्याण्णव होते. मला वाटलं, रिवाज आपला जुना, लेडल आता विजेवर तापतं, असेल हाही चांगला." तिनं हातातला कपडा परत पिळला. "मला तो चांगला असायला हवा होता."

"उद्या चौकशीवाल्यांना हे सगळं मी सांगणार. दस्तगीर चौकीत कुजतोय."

"सांग. मग ते विचारतील, आजीनं खोटं म्हटलं, ते नातीला कळलं नाही का? भट्टीवर वाढलेली मुलगी. निहालचे वडील वकील घेऊन बसलेत, आजी. मला शिक्षा होईल. बंगळूरला इंजिनाच्या कामावर घेतलंय मला, ते जाईल. आयुष्यात परत कुणी मला स्क्रू पिळायला देणार नाही."

"मग दस्तगीरनं मरायचं?"

"नाही." आर्वीनं आता तिच्याकडं पाहिलं. डोळे लाल, पण त्यांच्यामागं हिशेब चालू होता. वाळूत खेळणारी पोर तिथं कुठं नव्हती. "तोही सुटेल. तुझा कानच अधू होता असं निघालं, तर दोघंही सुटतो. वय झालं, ऐकू कमी यायला लागलं, तुला कळलं नाही, आम्हाला कळलं नाही. पेटी चुकीचं शिकली. नग कुणी बदलला नाही. तुझे सगळे आवाज मी काढून टाकते, पेटीला नव्यानं शिकवते. कुणाचाच दोष नाही."

हौसाक्का पायरीवर बसली. "खोटारडी म्हण मला. चोर म्हण. कारट्ये, बहिरी म्हणतीस?"

"खोटारडी म्हटलं तर माझ्यावर येतं."

"तुझ्या आज्ज्याला जाऊन चाळीस वर्षं झाली. घरात खायला दाणा नव्हता तवा ह्या कानानं तुझ्या बापाला वाढवलं."

"माहीत आहे मला."

"माहीत असून मागतीस?"

आर्वी खाली बसली आणि तिनं आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. पोरीचे केस शाम्पूचे, पण मुळाशी अजून भट्टीच्या वाळूचा वास. हौसाक्कानं तिला ढकललं नाही. तिथंच ती हरली.

सरकारी दवाखान्यात कान तपासायची एक काचेची खोली होती. हौसाक्काला आत बसवलं, कानांवर कप चढवले आणि हातात बटण दिलं. "आजी, शिट्टी ऐकू आली की दाबायचं. हळू आली तरी," डॉक्टरीणबाई म्हणाली.

काचेपलीकडं आर्वी उभी होती. रिक्षात तिनं आजीला शिकवलं होतं, मोठ्या शिट्टीला दाब, बारीकला नको.

पहिली शिट्टी आली. मोठी. हौसाक्कानं बटण दाबलं.

मग दुसरी, चिमणीच्या पिलाएवढी. तिनं अंगठा हलवला नाही.

तिसरी, डासाच्या पंखाएवढी. त्या शिट्टीमागं तिला डॉक्टरीणबाईच्या बांगडीची किणकिण आली, पंख्याच्या बेअरिंगमधली खरखर आली. त्या बेअरिंगला आठ दिवसांत भेग पडणार होती. चौथी शिट्टी तर शिट्टीच नव्हती, नुसती सुईच्या टोकाएवढी टोचणी. ह्या वयात ती किती जणांना ऐकू आली असती? अंगठा बटणावर होता. सगळ्या जगाला दाखवावं, की बघा, अजून ऐकतो मी, तुमच्या पेटीच्या बापाला ऐकू येणार न्हाई असलं ऐकतो. तिनं काचेतून आर्वीकडं पाहिलं. आर्वीनं डोळे मिटून घेतले होते.

अंगठा तसाच राहिला.

"बऱ्याच वर्षांपासूनचं दिसतंय," डॉक्टरीणबाई कागद लिहिता लिहिता आर्वीला म्हणाली. मग हौसाक्काकडं वळून ओरडली, "काळजी करू नका हं, आजी!"

दस्तगीर सुटला. पेपरात दोन ओळी आल्या, तपासनीस वृद्धेच्या श्रवणदोषामुळे यंत्राचे प्रशिक्षण सदोष. पेटीवरचं 'हौसा' नाव खरवडून काढलं आणि तिथं एक आकडा छापला. सुटल्यावर दस्तगीर एकदा घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत रणजितची बायको भाजी निवडत होती.

"आक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "मी खोट्या आळानं आत गेलो त्याचं काय न्हाई. पण तुमच्या ह्या कानावर मी तीस वर्षं रस ओतला. तो बहिरा म्हणून कागदावर सही केलीत? कुणासाठी?"

हौसाक्का त्याच्याकडं बघत राहिली. "जरा मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "ऐकू येत न्हाई."

दस्तगीरनं मान हलवली आणि चपला घातल्या. त्यानं परत वडणगेकरांच्या भट्टीत पाय ठेवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरं इंजिन वीसच्या वीस सेकंद चाललं. विद्यापीठाच्या सभागृहात सत्कार ठेवला. पोरांच्या गळ्यात हार, निहाल पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून. आर्वी आठवड्यानं बंगळूरला निघणार होती. हौसाक्काला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. कंपनीनं भेट दिलेलं कानातलं यंत्र रणजितनं स्वतःच्या हातानं तिच्या कानात घातलं होतं. ते चालू केलं की तिचं डोकं ठणकायचं, म्हणून तिनं ते बंदच ठेवलं होतं.

स्टेजवर कुणीतरी अपघाताबद्दल विचारलं. आर्वीनं माईक जवळ घेतला.

"आजीला ऐकू येत नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं," ती म्हणाली. आवाज भरून आला होता, आणि हौसाक्काला त्या आवाजात एकही भेग सापडली नाही. पोरीचा आता त्या खोट्यावर विश्वास बसला होता.

मागच्या रांगेतून एक बाई शेजारणीला म्हणाली, "हीच ती म्हातारी. पोराचा डोळा घालवला हिनं. कान गेलेल्या थेरडीला भट्टीवर बसवायचं म्हणजे घरच्यांची पण कमाल."

"स्टूल सोडवत नसेल," दुसरी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

हौसाक्काच्या जिभेवर उत्तर तयार होतं. एकच वाक्य. ते ऐकून ती बाई आठवडाभर जेवली नसती. पण बहिऱ्या माणसाला मागची रांग ऐकू येत नाही. ती समोर बघत राहिली.

मग सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. त्या तिला सगळ्यांच्या आधी ऐकू आल्या. तिनं डावीउजवीकडं पाहिलं, शेजारच्यांचे हात हलताना दिसेपर्यंत थांबली, आणि मग टाळ्या वाजवल्या.